हज्जाच्या शेतावरचा बर्फ

अमिरातीत मी बर्फ पाहिला असं सांगितलं की मिरजेत आमच्या गल्लीतली माणसं समजुतीनं हसतात. दहा वर्षं उन्हात काढली, डोक्यावर परिणाम व्हायचाच, असा त्यांचा चेहरा होतो. कुणी विचारतं, "मॉलमधला का?" मॉलमधला नव्हे. डोंगरावरचा, गव्हाच्या शेतावर पडलेला, बुटाखाली करकर वाजणारा. त्या दिवसाबद्दल मी अजून कुठे लिहिलेलं नाही. तिकडे नोकरीला जाऊन आलेल्यांनाही हा भाग फारसा ठाऊक नसतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

आम्ही १९९५ साली रास अल खैमाला गेलो. दुबईहून उत्तरेला गाडीनं सव्वा-दीड तास. माझा नवरा अविनाश तिथल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होता. गाव लहान, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला लगेच डोंगर. पण कसले डोंगर! आपल्या डोंगरावर उन्हाळ्यातसुद्धा चार करवंदीच्या जाळ्या असतात, इथे नुसता उघडा दगड, राखाडी आणि उभा. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करूनच कपडे वाळत घालायचे. वर्षातून दोनदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला दुबईत ऊद मेथाला जायचो, घराबाहेर तेवढंच मराठी कानावर पडायचं. आमची केतकी तिथेच वाढली. मी मराठीत ओरडायचे आणि ती इंग्रजीत सॉरी म्हणायची.

लग्नाआधी मी मिरजेला मामांच्या स्टुडिओत काम शिकले होते, ते तिथे उपयोगी पडलं. तिकडच्या स्थानिक बायका पुरुष फोटोग्राफरसमोर बसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बऱ्या स्टुडिओला लेडीज सेक्शन असायचा आणि तिथे बाई लागायची. आमच्या स्टुडिओचे मालक जोसेफसर केरळचे. त्यांनी मला कॅमेरा हातात देऊन पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं. जाड पडद्यामागची ती खोली, अत्तराचा आणि ऊद जाळल्याचा वास, दारावरची घंटा. नऊ वर्षांत मी तिथे किती नवऱ्या सजवून बसवल्या असतील! त्यांचे फोटो मीच धुवायचे, मीच छापायचे आणि निगेटिव्हसकट पाकिटात घालून त्यांच्या घरी द्यायचे. मागे काही ठेवायचं नाही, हा रिवाज होता. मला तो पटलेलाही होता. फक्त कधीकधी वाटायचं, उद्या कुणी विचारलं की बाई, तुम्ही काढलेला एखादा फोटो दाखवा, तर काय दाखवणार? केतकीचे वाढदिवस?

शेवटच्या वर्षी तर हे फार वाटायला लागलं. अविनाशच्या कंपनीचं काम आटत चाललं होतं आणि मे महिन्यात परत जायचं आमचं नक्की झालं होतं.

बुधवार

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. दोन दिवस पाऊस पडत होता आणि तिथल्या मानानं इतकी थंडी होती की आम्ही बॅगांतून स्वेटर काढले होते. दुपारी स्टुडिओत फोन वाजला. मरियमचा. तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, मग तिच्या नणंदांचे, मग मुलींचे. येताजाता गप्पा मारायला थांबायची. हिंदी सिनेमे पाहून शिकलेली तिची हिंदी मोठी गोड होती.

"माधवी, जबल पे सल्ज है!"

जबल म्हणजे डोंगर हे माहीत होतं, पण सल्ज म्हणजे बर्फ, हे कळायला मला जरा वेळ लागला. ती पुढे भराभरा सांगत होती. रात्री त्यांच्या डोंगरावर बर्फ पडलाय. तिचा नवरा सईद सकाळी वर जाऊन बघून आलाय. आणि तिच्या सासूनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय.

तिची सासू म्हणजे हज्जा. यात्रेला जाऊन आलेल्या म्हातारीला तिकडे सगळे असंच म्हणतात, मीही तेच म्हणायचे. हज्जाचा जन्म डोंगरावरचा. ती डोंगरी माणसं पूर्वी वरच राहत, पावसाच्या पाण्यावर गहू-जव पिकवत. नंतर सरकारनं पायथ्याशी घरं बांधून दिली आणि एकेक कुटुंब खाली आलं. हज्जाचे गुडघे गेल्यापासून ती आठेक वर्षांत वर गेली नव्हती. लहानपणी आपण या डोंगरावर बर्फ पाहिला, असं ती नातवंडांना सांगायची आणि नातवंडं हसायची.

"वो बोलती है, मेरी जमीन का फोटो चाहिए, सल्ज के साथ," मरियम म्हणाली. "सईद मर्द है, उसको फोटो नहीं आता. तुम आओ."

मर्द आणि फोटोचा संबंध मला कळला नाही, पण मी हो म्हणून टाकलं.

घरी सांगितल्यावर अविनाशनं डोक्याला हात लावला. "वेड लागलंय का तुला? पावसात वादीत पाणी कसं येतं माहीत आहे ना?" वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. वर पाऊस झाला की तासाभरात गाड्या वाहून नेते.

"सईद बरोबर आहे. तो तिथलाच आहे."

केतकी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स नॉट रिअल स्नो. इट्स जस्ट हेल."

"गारा आणि बर्फातला फरक मला कळतो."

"यू हॅव नेव्हर सीन स्नो."

हे मात्र खरं होतं. अविनाश थोडा वेळ खिडकीशी उभा राहिला. मग आत जाऊन त्यानं त्याचे साइटवरचे सेफ्टी शूज आणून माझ्यासमोर ठेवले. "चपला घालून जाऊ नकोस. दोन मोजे घाल, बसतील."

गुरुवार, पायथ्याशी

सकाळी सईद त्याची मोठी गाडी घेऊन आला, मागे मरियम. त्यांच्या घरी पोचलो तर न्याहारी मांडलेली. तिथे कुणाच्याही दारात गेलं की आधी खाणं, मग काम, यात बदल नाही. भल्यामोठ्या ताटात गोड शेवया, केशर-वेलची घातलेल्या, अगदी आपल्यासारख्या, आणि त्यांच्यावर पसरलेलं ऑम्लेट. पहिल्यांदा खाल्लं होतं तेव्हा आईला पत्रात लिहिलं होतं आणि तिनं उलट टपाली विचारलं होतं, अंडं वेगळं काढून ठेवता येत नाही का? आता मला ते आवडायला लागलं होतं. गोडाच्या मागून अंड्याचा खारटपणा येतो तो सकाळी फार छान लागतो. कॉफीचा छोटा कप रिकामा झाला की तो हातात हलवायचा, नाहीतर ते ओततच राहतात. हे शिकायला मला एक वर्ष आणि पुष्कळ कॉफी लागली होती.

हज्जा कोपऱ्यात गादीवर बसली होती. लहानखुरी, वाळलेली. तोंडावर निळसर सोनेरी चमक असलेला कडक कापडाचा मुखवटा, त्याला तिथे बुरगा म्हणतात. कपाळ आणि नाक-ओठ झाकणारा. बाहेर दिसत होते ते फक्त डोळे, आणि ते माझ्या बुटांवर खिळले होते.

"हे कुणाचे?" तिनं अरबीत विचारलं.

"नवऱ्याचे," मी म्हणाले. नऊ वर्षांच्या दुकानदारीत कामापुरती अरबी मला येत होती.

"चांगला आहे," ती म्हणाली. बूट की नवरा, ते कळलं नाही.

मग ती उठायला लागली. मरियमनं विचारलं, कुठे? हज्जा म्हणाली, वर. सईद हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ती खरंच म्हणतेय. "उम्मी, रस्ता शेवटपर्यंत नाही. शेवटी चालावं लागतं. ही बाई फोटो आणेल ना तुला."

"ही बाई माझं शेत कसं ओळखेल?"

"मी दाखवेन."

"तू?" हज्जा म्हणाली. "तू दहा वर्षांचा होतास खाली आलास तेव्हा. तुला कुठला बांध कुणाचा ते माहीत आहे का?"

सईद चाळीस वर्षांचा धिप्पाड माणूस, कमरेला पट्टा, हातात त्या डोंगरी लोकांची लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड, आणि आईपुढे शाळकरी पोरासारखा उभा. शेवटी त्यानं मरियमकडे पाहिलं, मरियमनं छताकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत हज्जा तीन शालींत गुंडाळलेली गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. "यल्ला!" तिनं डॅशबोर्डवर हात आपटला.

डोंगरात

वादीत शिरलो आणि दोन्ही बाजूंनी कडे जवळ आले. मी इतकी वर्षं ज्या डोंगरांकडे पाठ केली ते आतून असे असतील, ही कल्पनाच नव्हती. पावसानं दगड धुतले गेले होते. राखाडी म्हणत होते त्यात तांबडा, जांभळा, हिरवट असे थर दिसत होते. तळाशी बोरीची झाडं. आपलीच बोर, तीच पानं, तेच काटे, पण अंगानं आंब्याएवढी. शेळ्या कड्यावर अशा उभ्या की त्या तिथे चढल्या कशा आणि उतरणार कशा, हे शेळ्यांनाच ठाऊक. हज्जा एकेका वळणाचं नाव सांगत होती. इथे तिच्या भावाचा पाय मोडला होता. इथे पाणी प्यायला थांबायचे. गाढवावर खजूर लादून खालून वर जायला पूर्ण दिवस लागायचा.

बुलडोझरनं कोरलेला कच्चा रस्ता वळणं घेत वर चढत गेला आणि एका वळणावर मरियमनं माझा दंड इतक्या जोरात धरला की कॅमेरा गुडघ्यावर आपटला. समोरच्या शिखरावर पांढरं होतं. आधी ढग वाटलं. मग ढग सरकला आणि पांढरं तिथेच राहिलं.

सईदनं गाडी थांबवली. हज्जा म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

रस्ता संपला तिथून पुढे पाऊलवाट होती, वीसेक मिनिटांची. सईदनं कुऱ्हाड मरियमकडे दिली, आईपुढे उकिडवा बसला आणि तिला पाठीवर घेतलं. तिनं एक शाल त्याच्या डोक्यावरून ओढली. पुढे सईद, पाठीवरून त्याला रस्ता सांगणारी हज्जा, मागे अंगभर काळी अबाया गुडघ्यापर्यंत खोचलेली मरियम आणि शेवटी नवऱ्याच्या बुटांत फताडी पावलं टाकत मी. थंडीनं नाक वाहत होतं. आणि पायाखाली हळूहळू चिखलाचं पांढरं होत गेलं.

वर पोचलो आणि खोरं दिसलं.

डोंगराच्या कुशीत एक लांबट खळगा, त्यात पायऱ्यांसारखी उतरत गेलेली शेतं. दगडी बांध, त्यांच्यात अडवलेली माती, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडी लहान. मला एकदम आंबोलीच्या बाजूची भातशेतं आठवली. इतक्या उघड्या दगडात इतकी माती यांनी आणली कुठून? पाठीवर वाहून, मरियम म्हणाली. टोपल्यांनी. काठाला दोनतीन ठेंगणी दगडी घरं, अर्धी जमिनीत. आणि या सगळ्यावर बर्फ. फार नव्हता. भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरावं तेवढाच. बांधांच्या कडा त्यातून काळ्या उमटल्या होत्या, जणू कुणी पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा मारल्या आहेत. अविनाशची ड्रॉइंग अशी दिसतात. खाली खोल, ढगांच्या फटीतून, वाळवंट तपकिरी कोरडं पडलेलं.

मी कॅमेरा काढला आणि घाबरले. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर जे सांगत होतं ते खरं धरलं तर बर्फ करडा येणार, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण उजेड किती जास्त आत सोडायचा? रोल छत्तीसचा, दुसरी संधी नाही. मग एकदम हसू आलं. पांढरं मी नऊ वर्षं काढत होतेच की! पांढऱ्या झग्यातली नवरी, पांढऱ्या पडद्यापुढे. तिचा झगा मळका दिसू नये म्हणून जे करायचे तेच केलं. लेन्स दीड-दोन घरं जास्त उघडली आणि या खोऱ्याला नवरीसारखं बसवलं. डावीकडून, उजवीकडून, घराच्या छतावरून. बोटं बधिर झाली होती आणि शटरचं बटण दाबलं गेलं की नाही, ते आवाजावरून कळायचं.

हज्जा सईदच्या पाठीवरून हात करून सांगत होती. "ते तिसरं, चौथं, पाचवं, ती आमची. सहावं दिराचं, ते नको घेऊस."

तिघांना चिकटून असलेलं सहावं वगळून फोटो कसा काढायचा? मी काढल्यासारखं केलं.

दगडी घरात

सईदनं एका घरात चूल पेटवली. दार इतकं बुटकं की वाकून नव्हे, बसूनच आत जावं लागतं. आत कमरेएवढे मातीचे रांजण. दारापेक्षा मोठे! आधी रांजण ठेवायचे, मग भोवती घर बांधायचं, हज्जा म्हणाली. वर्षाचं धान्य त्यात भरायचं, दाराला लाकडी कुलूप घालायचं आणि उन्हाळाभर खाली खजुराच्या बागांत राहायला जायचं. आमच्याकडे धान्यासाठी जमिनीत पेव खणत, हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. अरबी कमी पडली तेव्हा मी जमिनीवर काटकीनं चित्र काढलं. ती बराच वेळ बघत राहिली. "उंदीर?" तिनं विचारलं. होते, मी म्हणाले. तिनं मान हलवली. उंदीर सगळीकडे सारखेच.

मी डबा उघडला. थंडीचे दिवस म्हणून डिंकाचे लाडू केले होते. मरियमनं एक अर्धा केला, हज्जानं मुखवट्याच्या खालून तुकडा तोंडात सारला, चघळला आणि थांबली. हिरडीला चिकटलेला डिंकाचा फुगलेला दाणा जिभेवर घेऊन तिनं नीट चाखला.

"हा आमच्या झाडाचा आहे. बाभळीचा."

"आमच्याही," मी म्हणाले.

"तुम्ही तुपात तळता?"

"तळतो."

तिनं दुसरा लाडू मागितला.

एवढ्यात बाहेर एकदम उजेड झाला. ढग फाटला होता. मी कॅमेरा उचलून धावले आणि बाहेर येऊन पाहते तर काही दिसेना. गार पडलेला कॅमेरा मी चुलीजवळ नेला होता आणि लेन्सवर दाट वाफ धरली होती. पुसली तर आणखी फासली गेली. समोर ते खोरं उन्हात असं उजळलं होतं की डोळे मिटावेत, बांधाबांधावरून बर्फाचं पाणी चमकत टपकत होतं, आणि मी पदरानं काच पुसत उभी. शिकाऊ पोरीनंसुद्धा करू नये अशी चूक. रडायला आलं. मग म्हटलं, रडण्यापेक्षा बघून घे. बघत राहिले.

तेवढ्यात हज्जा सईदच्या आधारानं बाहेर आली. तिला तिच्या शेताच्या बांधावर बसवायचं होतं. सईदनं शाल अंथरून बसवलं आणि तो पलीकडे मरियमशी बोलायला गेला. मी थोड्या अंतरावर होते. काच नुकती साफ झाली होती.

हज्जानं वाकून बांधावरचा बर्फ एका हातात घेतला. मग दुसऱ्या हातानं मागची गाठ सोडून बुरगा काढून मांडीवर ठेवला आणि तो बर्फ दोन्ही गालांना लावला. थंडीनं तिनं श्वास आत ओढला आणि हसली. दात नव्हते. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी ओघळतंय आणि मागे उतरत गेलेली पांढरी शेतं.

मी बटण दाबलं.

न विचारता. नऊ वर्षांत कुणा बाईचा फोटो मी तिला न विचारता काढला नव्हता. आणि बटण दाबलं त्याच क्षणी मला माहीत होतं की आयुष्यात मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो हाच असणार आहे. तिनं डोळे उघडले तेव्हा कॅमेरा माझ्या छातीवर लोंबत होता. ती म्हणाली, "माझ्या आईनं असंच लावलं होतं मला." मी नुसती हसले. सांगितलं नाही.

शनिवार, लॅबमध्ये

रोल मी एकटीनं धुतला. बाकीचे फोटो बरे होते, स्वच्छ, नीट. तो एक मात्र ट्रेमध्ये वर आला आणि मी बाजूचं स्टूल ओढून बसले. सुरकुत्यांत अडकलेला बर्फसुद्धा दिसत होता.

जोसेफसर केमिकलचा कॅन ठेवायला आत आले आणि माझ्या खांद्यावरून त्यांनी पाहिलं.

"माधवी, ये तो पेपर में फ्रंट पेज है," ते म्हणाले. "सब पेपरवाले बरफ का फोटो ढूँढ रहे हैं. किसी के पास ऐसा नहीं है. तुम्हारा नाम आएगा."

"लेडीज का फोटो है, सर."

"बूढ़ी औरत है. कौन पहचानेगा? कभी किसी ने उसका चेहरा देखा है क्या?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं. आणि माझ्या मनात जे दोन दिवस चाललं होतं तेच ते बोलत होते. मे महिन्यात आम्ही जाणार. मिरजेत पेपरचं कात्रण फ्रेम करून लावता येईल. मामा बघतील.

संध्याकाळी मी प्रिंट अविनाशला दाखवली. त्यानं ती दिव्याखाली धरली. "तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिला विचार."

"नाही म्हणाली तर?"

"तर नाही," तो म्हणाला आणि प्रिंट पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

सोमवार, पायथ्याशी पुन्हा

सईद घरी नसेल अशा वेळी मी गेले. शेताचे फोटो आधी दिले. हज्जानं ते एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, मरियमला दिले. मग मी दार लावायला सांगितलं आणि तो फोटो तिच्या हातात ठेवला. "हा मी न विचारता काढला. चूक झाली," म्हणाले. निगेटिव्हचा तुकडाही पुढे केला.

मरियमनं वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

हज्जानं फोटो जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. पेपरचं, नावाचं, परवानगीचं जे मी वाटेत अरबीत जुळवून ठेवलं होतं ते सगळं माझ्या डोक्यातून निघून गेलं.

"ही माझी आई आहे," ती शेवटी म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही. मरियम म्हणाली, "नाही उम्मी, ही तूच."

"मला कळतं ते," हज्जा चिडून म्हणाली. "मी घरात आरशात बघते तेव्हा मी असते. यात आई आहे. दात पडल्यावर ती अशीच हसायची." तिनं बोट फोटोवरच्या गालावर ठेवलं. "तिचा फोटो नाही. कुणाकडेच नाही. मी तिचा चेहरा विसरले होते."

मी काहीच विचारलं नाही. विचारायचं राहिलंच नव्हतं. तिनं फोटो आणि निगेटिव्ह एका रुमालात गुंडाळून तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. परत येऊन बसली, शेताचा एक फोटो पुन्हा उचलला, आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"चौथ्या शेताचा बांध ढासळलाय. हे बघ. इथून माती जाणार सगळी." ती मरियमकडे वळली. "सईदला फोन लाव."

जोसेफसरांना मी सांगितलं की बाई नाही म्हणाली. ती नाही म्हणाली नव्हती, मी विचारलंच नव्हतं, पण तेवढं खोटं मी स्वतःला माफ केलं. पुढे पेपरात हेलिकॉप्टरमधून काढलेले बर्फाचे फोटो आले. ते चांगले होते.

सईद आणि त्याचे दोन चुलतभाऊ त्याच आठवड्यात वर गेले, असं मरियमनं फोनवर सांगितलं. बांध घातला. ओल इतकी चांगली होती की हज्जा म्हणाली, आता पेरून टाका. कितीतरी वर्षांनी त्या तीन शेतांत गहू पेरला गेला. तिनं सईदच्या पाठीवर बसून दोनदा जाऊन देखरेख केली.

मे महिन्यात आमच्या घरातलं सामान गेलं होतं. भिंतीवर कॅलेंडरची खूण, हॉलमध्ये तीन बॅगा, आणि स्वयंपाकघरात शेजारणीकडून मागून आणलेला तवा. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मरियम आली. ती फार वेळ बसली नाही, रडूही आलं नाही तिला, मलाच आलं. जाताना तिनं कापडी पिशवी दिली. "हज्जाने बोला, माधवी को बोलो, रोटी बनाओ."

पिशवीत दोनेक किलो गव्हाचं पीठ होतं. जात्यावर दळलेलं, जाडसर, जरा लालसर.

परात बांधली गेली होती म्हणून मी ते पातेल्यातच भिजवलं. पाणी जास्त पीत होतं, लाटताना कडा फाटत होत्या. शेवटी लाटणं बाजूला ठेवून हातानंच थापल्या. अविनाश ऑफिसचा हिशेब मिटवून आला, बूट न काढताच बॅगेवर बसला. केतकीनं एक तुकडा तोडला आणि म्हणाली, "आई, देअर्स सँड इन इट."

"खा," मी म्हणाले.

दातांखाली कचकच लागत होती. तूप संपलेलं होतं, भाजी नव्हतीच, थोडं लोणचं तेवढं उरलं होतं. आम्ही तिघांनी जमिनीवर बसून ती सगळी भाकरी-पोळी जे काय होतं ते संपवलं. केतकीनं शेवटची अर्धी न विचारता उचलली.